मापं

तेहतीस वर्षं मी जैतापुरातल्या बायकांच्या छात्या मोजल्या.
वहीत आहेत सगळ्या.
वासंती करगुटकर चौतीस, बाळंतपणानंतर अडतीस.
रुक्साना होडेकर बेचाळीस, गळा लहान, बाही कोपरापर्यंत.
टेप धरताना बोटाखाली कधी कुणाची धडधड लागायची.
ती लिहून घेतली नाही.
तिला रकाना नव्हता.

माझी छाती दुखलीच नाही त्या दिवशी.
दुखला जबडा,
आणि पाठीत, डावीकडे,
कुणी गरम इस्त्री टेकवून विसरून जावं तसं.
सगळे म्हणाले पित्त.
मीही म्हणाले पित्त.
आगळ पाण्यात घालून प्याले
आणि हातातल्या ब्लाऊजची उरलेली तीन हुकं लावली.
घाम कापडावर पडत होता,
मला काळजी रंग जाईल याची.

मग अल्ताफची ओम्नी.
मागच्या सीटवर आडवी मी,
काचेतून नुसते माडांचे शेंडे,
आणि चंद्र, कधी या बाजूला, कधी त्या.
रत्नागिरीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
'अजून तासभर पित्त म्हणत बसला असतात तर...'
वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.
मी ते रोज पहाटे चारला पुरं करते.

आता माझं माप चाळीस.
पंपिंग चाळीस टक्के, कागदावर छापलेलं.
घरात एकच शब्द उरलाय, जपून.
पाखाडी उतरू नकोस, जपून.
कळशी ठेव खाली, जपून.
निलेशनं मशीनला मोटर बसवली,
पायांना काम नाही.
सून माझं तिखलं वेगळ्या टोपात करते, अळणी,
आणि मी जेवताना दुसरीकडे बघते.

परवा सुईत दोरा जाईना म्हणून रडले.
एवढी रडले की चिमणी उडाली पडवीतली.
डॉक्टरीणबाईंना फोनवर सांगितलं, त्या म्हणाल्या,
'होतं असं बऱ्याच जणांना. बोलत जा कुणाशीतरी.'
गोळ्यांच्या पाकिटावर वेळ लिहिलेली असते,
सकाळ, रात्र, जेवणानंतर.
बोलण्याची कुठे लिहिलेली नाही.

रात्री जयवंत माझ्या नाकाखाली बोट धरतो.
त्याला वाटतं मी झोपलेय.
बोटाला जाळ्याचा वास, बारीक थरथर.
चव्वेचाळीस वर्षांत हा माणूस वादळालाही घाबरला नाही,
निदान माझ्यासमोर.
मग मी मुद्दाम मोठा श्वास घेते, सोडते,
पुन्हा घेते,
त्याचा हात खाली जाईपर्यंत.

सोमवारी अल्ताफ आला, बायकोचं कापड घेऊन.
माप सांगितलं, कापड दिलं, तरी उठेना.
'काकी, आडिवऱ्याच्या त्या वळणावर मी अजून हॉर्न वाजवतो.
रस्ता मोकळा असला तरी.
तिथे तुम्ही बोलायच्या थांबला होता.'
मला ठाऊकच नव्हतं मी बोलत होते.
'काय बोलत होते रे?'
'हुकं. हुकं लावून झालीत, घेऊन जायला सांग म्हणत होता.'
हसलो दोघं. बराच वेळ.
हसता हसता मी सांगून टाकलं,
की अंघोळीला कडी लावायची भीती वाटते,
की उद्याचं कापड आज घ्यावं की नको कळत नाही.
तो जपून म्हणाला नाही.
म्हणाला, 'मला पण झोप नाही लागत, काकी,'
आणि बिनसाखरेचा चहा पिऊन गेला.

आज दुपारी घरात कुणी नव्हतं.
मोटरचा पट्टा काढला, जुना चामड्याचा चढवला.
दहा वेळा पाय मारले. थांबले.
मानेवर दोन बोटं ठेवली. आहे.
पुन्हा दहा.
वहीत सगळ्या गावाची मापं, माझंच नाही.
स्वतःभोवती टेप धरली, दोन इंच कमी झालेय.
त्या मापानं कापलं,
फक्त शिवणीत नेहमीपेक्षा जास्त माया सोडली,
अंग भरलं पुढे, तर उसवता येईल.

जयवंत खाडीवरून आला. बाहेरूनच ओरडला,
'आवाज कसला येतोय?'
'मशीनचा,' म्हटलं.
'आणि कसला?'